सांगली-साताऱ्याहून विमानप्रवास: दोन विमानतळांमधलं अंतर आणि खरा लागणारा वेळ कसा काढायचा

विट्याच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकाचं दुकान कोइमतूरला असतं. मिरजेतल्या कुणाची लेक दुबईत नांदते. तासगावचा द्राक्षबागायतदार दिल्लीच्या बाजारात माल बघायला निघतो. तिघांचाही पहिला प्रश्न एकच: "विमानानं किती वेळ लागतो?" मोबाइलवर उत्तर येतं, एक तास वीस मिनिटं किंवा सव्वातीन तास. आकडा बरोबरच असतो, पण तो फक्त विमानाचा असतो. घरातून निघून मुक्कामाच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ त्याच्या दुप्पट, तिप्पट, कधी पाचपटही होतो, आणि हा हिशोब आपल्या भागातल्या माणसाला स्वतःच करावा लागतो. कारण सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत प्रवासी विमानांचा एकही विमानतळ नाही. कवलापूरला विमानतळ व्हावा ही मागणी जुनी आहे, कराडला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसता येईल असं विमान या दोन्ही ठिकाणांहून सुटत नाही. म्हणून आपला प्रत्येक विमानप्रवास आधी कोल्हापूर, पुणे, बेळगाव, गोवा की मुंबई या निवडीपासून सुरू होतो.

ही निवड डोळसपणे करता यावी म्हणून पुढे सगळं क्रमानं मांडतो.

आधी विमानतळ पक्का करा, नुसतं शहर नको

"गोव्याचं तिकीट काढलं" एवढ्यावर आता भागत नाही. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दक्षिणेकडे वास्कोजवळचा दाबोळी आणि उत्तरेला पेडण्याजवळचा मोपा. मोप्याहून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. या दोघांमधलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण रस्त्यानं ते साठीच्या पुढे जातं आणि वाटेत पणजी-म्हापशाची गर्दी असते. एकाऐवजी दुसरीकडे पोचलात तर विमान गेलंच म्हणून समजा.

मुंबईचंही आता तेच झालंय. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. जुना सहार-सांताक्रूझचा विमानतळ आणि हा नवा यांच्यात आकाशमार्गे अंतर सुमारे २४ किलोमीटर. रस्त्यानं मात्र खाडी ओलांडून, मुंबईच्या गर्दीतून जायचं, म्हणजे वेळेच्या बाबतीत ते वेगळं गावच धरा. आपल्या दृष्टीनं नवी मुंबईचा फायदा मोठा आहे. पुण्याहून एक्सप्रेसवेनं उतरलं की पनवेलच्या बाजूलाच विमानतळ, मुंबईत शिरायची गरज नाही. पण तिकीट कुठलं आहे ते आधी पाहा.

त्यासाठी खात्रीचं साधन म्हणजे तीन अक्षरी कोड. तो तिकिटावर छापलेला असतो. कोल्हापूर केएलएच, पुणे पीएनक्यू, मुंबई बीओएम, नवी मुंबई एनएमआय, बेळगाव आयएक्सजी, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. परदेशातही हीच काळजी घ्या. दुबईत डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी असे दोन विमानतळ आहेत, बँकॉकमध्ये बीकेके आणि डीएमके, आणि लंडनला तर दोनापेक्षाही जास्त. अंतर आणि वेळ शोधतानाही शहराच्या नावापेक्षा हा कोड टाका. शहराचं नाव टाकलं की बऱ्याचदा गावाच्या मध्यापासूनचं अंतर मिळतं.

सरळ रेषेतलं अंतर: कागदावर पाच मिनिटांत

विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दिसतो तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत लहान वाटेचा असतो. नकाशात दोन बोटं ठेवून किंवा एखाद्या संकेतस्थळावर कोड टाकून तो लगेच मिळतो. गुगल मॅप्समध्ये विमानतळावर बोट दाबून धरा, खूण उमटेल, मग अंतर मोजण्याचा पर्याय निवडून दुसऱ्या विमानतळापर्यंत रेघ ओढा. काम झालं.

तरीही एकदा हातानं करून बघा, असा माझा आग्रह आहे. एकदा केलं की चुकीचा आकडा नजरेला लगेच खटकतो.

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश नकाशात मिळतात. कोल्हापूर: अक्षांश १६.६६, रेखांश ७४.२९. हैदराबादचा शमशाबाद: अक्षांश १७.२३, रेखांश ७८.४३. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, आणि हा आकडा सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तावर एक अंश तेवढाच असतो, पण उत्तरेकडे जाल तशा रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात. म्हणून रेखांशातल्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणावं लागतं. बऱ्याच फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की त्यात 'कॉस' दिसतं. कोन अंशात आहे याची खात्री करा. आपल्या आसपास १७ अंशांना हा गुणक ०.९५६, २० अंशांना ०.९४०, तर २५ अंशांना ०.९०६ येतो.

आता हिशोब. अक्षांशातला फरक ०.५७, गुणिले १११.२, म्हणजे ६३ किलोमीटर. रेखांशातला फरक ४.१४, गुणिले ०.९५६, गुणिले १११.२, म्हणजे ४४० किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ: ४४५ किलोमीटर. शाळेतल्या पायथागोरसच्या पलीकडे यात काही नाही.

याच पद्धतीनं कोल्हापूर ते मुंबई सुमारे ३०९, कोल्हापूर ते बेंगळुरू ५३२ आणि पुणे ते दिल्ली ११५७ किलोमीटर येतं. मुंबई ते दुबईचं उत्तरही खऱ्या अंतराच्या अगदी जवळ, १९३० च्या आसपास येतं. लांब पल्ल्याला मात्र ही रीत फसते. मुंबई ते लंडन हीथ्रो असं काढलं तर ७५०० च्या वर आकडा जातो; खरं अंतर सुमारे ७२१० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याचा परिणाम तिथे चांगलाच जाणवतो, म्हणून युरोप-अमेरिकेसाठी गोलाचं गणित करणारं साधनच वापरा.

वैमानिक आणि काही संकेतस्थळं अंतर नॉटिकल मैलात देतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आकडा निम्म्याच्या आसपास दिसला तर आधी एकक तपासा.

विमान या रेषेवरून जात नाही

उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून होतं, मग वळून मार्गाला लागायचं, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जायचं आणि उतरतानाही ठरावीक बाजूनं यायचं. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर थोडं वाढतंच, आणि छोट्या मार्गावर ही वाढ जास्त जाणवते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालतात ती त्यामुळे.

कधी कारण राजकीय असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. दोन विमानतळांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं, प्रवास मात्र लांबला.

किलोमीटरवरून तास

मोठं जेट, म्हणजे एअरबस ए३२० सारखं विमान, उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटरनं जातं. पंख्याचं एटीआर ७२ ताशी ५०० च्या आसपास. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यात वेळ जातो. म्हणून माझी ढोबळ रीत अशी: जेट असेल तर किलोमीटरला ८०० नं भागा आणि ४० मिनिटं मिळवा, एटीआर असेल तर ५०० नं भागा आणि २५ मिनिटं मिळवा.

पुणे–दिल्ली: ११५७ भागिले ८००, म्हणजे ८७ मिनिटं, अधिक ४०. दोन तास सात मिनिटं. वेळापत्रकातही साधारण सव्वादोन तासांच्या आतबाहेरच दिसेल. कोल्हापूर–हैदराबाद एटीआरनं: ५३ अधिक २५, म्हणजे सुमारे एक तास वीस मिनिटं.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते आणि कंपन्या तिच्यात थोडी मोकळीकही ठेवतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधी वेळेवर पोचतं.

वाऱ्याचा भाग लांब पल्ल्याला मोठा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात उत्तर भारतावर ते आणखी जोरदार असतात. त्यामुळे मुंबईहून दुबईला जायला सव्वातीन तास लागत असतील तर परतायला अर्धा तास कमी लागू शकतो. लंडनच्या बाबतीत हा फरक तासाभराच्या घरात जातो.

आणि एक पक्का उपाय: विमानाचा क्रमांक घेऊन विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावर गेल्या आठवड्यात ते प्रत्यक्षात कधी सुटलं, कधी उतरलं ते पाहा. सात दिवसांपैकी चार दिवस तासभर उशीर दिसला तर पुढचं जोडविमान त्या हिशोबानं धरा.

घड्याळाची आणि तारखेची गल्लत

सुटायची आणि पोचायची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळानं छापलेली असते. दुबई आपल्या दीड तास मागे. मुंबईहून पहाटे ४:३० ला निघून ६:१५ ला दुबईत, असं तिकिटावर दिसलं तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीन तासांचा आहे. येताना रात्री १० ला निघून २:३० ला मुंबईत, म्हणजे साडेचार दिसतात, असतात तीन. रीत सोपी आहे: दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं, तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार.

त्याहून महागात पडते ती तारीख. १५ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. सांगलीहून मुंबईला जायला सात-आठ तास लागतात, तीन तास आधी पोचायचं, म्हणजे तुमची गाडी १४ तारखेला दुपारी उशिरात उशिरा दीडच्या आत हलली पाहिजे. आई-वडील पहिल्यांदाच परदेशी निघाले असतील तर हे कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

सरळ विमान नसेल तेव्हा

कोल्हापूर ते कोइमतूर सरळ रेषेत सुमारे ६९३ किलोमीटर. बेंगळुरूमार्गे गेलात तर ५३२ अधिक २५२, म्हणजे ७८४. वाढलेले ९० किलोमीटर काहीच नाहीत, आकाशात ते दहा मिनिटांचे. वेळ जातो तो बेंगळुरूला पुढच्या विमानाची वाट पाहण्यात. त्यामुळे जोडप्रवासात किलोमीटर बघू नका, मधला थांबा बघा.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर देशांतर्गत प्रवासात दीड-दोन तासांचा थांबा चालतो. सामान पुढे आपोआप जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीनं करायची असते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून काढली तर पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा संबंध नाही. मग निदान चार तास ठेवा. परदेशातून येताना भारतातल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, सामान ताब्यात घेऊन कस्टममधून जावं लागतं आणि ते पुन्हा द्यावं लागतं. दुबई–मुंबई–कोल्हापूर असा बेत असेल तर मुंबईत टर्मिनल बदलावं लागतंय का तेही पाहा, कारण दोन टर्मिनलं रस्त्यानं काही किलोमीटर दूर आहेत.

कोल्हापूर की पुणे?

रोजच्या व्यवहारात खरा प्रश्न हाच, म्हणून त्याला जरा वेळ देऊ. सांगलीहून उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, ५५ किलोमीटरच्या आसपास. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत शिरोलीला महामार्गाला लागायचं. दीड तास धरा. सांगलीहून पुणे २३० किलोमीटर, पण तिथला विमानतळ लोहगावला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कात्रजपासून लोहगावपर्यंतच संध्याकाळी दीड तास सहज जातो. खंबाटकी आणि खेड-शिवापूरला रविवारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाच तास धरा.

दिल्लीचं उदाहरण घेऊ. पुण्याहून सरळ विमान: रस्ता पाच तास, विमानतळावर दोन, विमान दोन तास दहा मिनिटं. एकूण नऊ तास दहा मिनिटं. कोल्हापूरहून हैदराबादमार्गे: रस्ता दीड तास, विमानतळावर पावणेदोन, विमान एक तास वीस, थांबा दोन तास, पुढचं विमान सव्वादोन. एकूण आठ तास पन्नास मिनिटं. आकाशातलं अंतर ११५७ ऐवजी १७१३, म्हणजे दीडपट, आणि तरीही वेळ जवळजवळ सारखा!

अशा बरोबरीत माझं मत स्पष्ट आहे. सोबत वयस्कर माणसं असतील आणि एकाच तिकिटावर सगळं मिळत असेल तर कोल्हापूर घ्या. गाडीतले पाच तास त्यांना विमानतळावरच्या खुर्चीपेक्षा जड जातात. मुलाखत, ऑपरेशन, परदेशी विमान असं चुकवता न येणारं काम असेल तर पुणे, कारण एक विमान रद्द झालं तर दुसरं मिळण्याची शक्यता तिथे जास्त. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा किंवा रेल्वेनं जा. कोल्हापूरहून सुटणारे मार्ग आणि वार बदलत राहतात, त्यामुळे नेमक्या तुमच्या तारखेला विमान आहे का ते पाहिल्याशिवाय बेत आखू नका.

साताऱ्याला दोन्ही विमानतळ जवळपास सारख्याच अंतरावर, १२० किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे अंतरानं निकाल लागत नाही. जिथून सरळ विमान असेल तिकडे जावं. जत, कवठेमहांकाळच्या लोकांनी बेळगावचाही पर्याय उघडून पाहावा. मिरजेहून तो साधारण १४० किलोमीटर आहे.

उलटी बेरीज

शेवटची पायरी म्हणजे विमानाच्या वेळेपासून मागे मोजत येणं. समजा, विमान कोल्हापूरहून ११ ला आहे. देशांतर्गत विमानाचं सामान घेण्याचं काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे १० ला बंद होतं. बोर्डिंगचं गेट २०-२५ मिनिटं आधी. सव्वानऊला विमानतळावर असायला हवं. सांगलीहून दीड तास, शिवाय पेट्रोल आणि फाटक-नाक्यासाठी पंधरा मिनिटं. निघायचं साडेसातला. पुढे १२:२० ला हैदराबाद, सामान घेऊन बाहेर १२:५०, शमशाबादहून शहरात तासभर. दोन वाजता मुक्कामी. साडेसहा तासांत विमानाचा वाटा एक तास वीस मिनिटांचा. गाडीनं सोलापूरमार्गे याच प्रवासाला नऊ-दहा तास लागले असते. म्हणजे विमान फायद्याचं आहे, पण घरच्यांना "दीड तासात पोचतो" असं सांगू नका.

पुणे आणि मुंबईसाठी देशांतर्गत दोन तास, परदेशी तीन तास आधी पोचायचं धरा. नकाशात आत्ताचा वेळ न पाहता निघण्याची वेळ आणि वार टाकून पाहा. रात्री अकराला पाहिलेला कात्रज–लोहगाव आणि शुक्रवारी संध्याकाळचा कात्रज–लोहगाव यांचा काही संबंध नसतो.

जुलै-ऑगस्टमध्ये या बेरजेत नदी धरावी लागते. उजळाईवाडी पंचगंगेच्या पलीकडे आहे. सांगलीकडून जाताना अंकलीला कृष्णा आणि शिरोलीपुढे पंचगंगा ओलांडावीच लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. विमानतळ हाकेच्या अंतरावर असूनही पोचता येत नाही अशी वेळ त्या दिवसांत येते. धरणांतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि दोन-तीन दिवसांत विमान असेल, तर नदीच्या पलीकडे आधीच मुक्काम हलवा, किंवा तिकीट बदलून पुण्याहून घ्या. तारीख बदलण्याचे पैसे लागतील, ते द्या. पाणी चढायला लागल्यावर पुण्याच्या बाजूचा रस्ता कुठवर चालू आहे हे निघण्याआधी पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करून विचारा. नकाशावरची वाट अशा वेळी बऱ्याचदा मागे पडलेली असते.